फोडणीविना रस्सा

ओमानमधल्या मत्रहच्या मराठी घरांत जपानी, कोरियन किंवा व्हिएतनामी सूप करणं अवघड का वाटावं? बंदराला लागून मासळीबाजार आहे. २०१७ साली त्याची नवी इमारत उघडली, तेव्हापासून ताजी मासळी आणि ती साफ करून देणारे एकाच छताखाली भेटतात. तिथून जरा चाललं की सूक, म्हणजे जुना बाजार. लूमी (वाळवलेलं लिंबू), दालचिनी, चक्रीफूल, धणे सगळं तिथे आहे, आणि मागायला हिंदी पुरते. तरीही ‘आज सूप-नूडल्स’ म्हटलं की बहुतेक घरांत पुडा फोडला जातो. पुड्यावर माझा राग नाही, त्याचं पुढे बोलूच. पण पाण्याला चव आणायचं जे काम पुडीतली पावडर करते, ते इथल्या बाजारातला मूठभर सुका मासा जास्त चांगलं करतो. हे आपल्या माणसांपर्यंत पोचावं म्हणून हा खटाटोप.

बोलणारे दोघे आहेत. आत्या मूळची मालवणची, लग्न होऊन मत्रहला आली आणि इथलीच झाली. दादा माझा चुलतभाऊ, बोटीवर चीफ कुक. कोरियन आणि जपानी अधिकाऱ्यांना जेवू घालण्यात त्याची बरीच वर्षं गेली. सुट्टी लागली की गावी जाण्याआधी तो आत्याकडे थांबतो. दोघांच्याही हाताला चव आहे, पण सूपवरून त्यांचं पटत नाही. दादाचं म्हणणं, दुसऱ्याचा पदार्थ करायचा तर त्याच्या शिस्तीत करा. आत्याचं म्हणणं, शिस्त सांग हवी तेवढी, पण सामान माझ्या बाजारातलं. मी ऐकत बसले होते. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोलले आहे.

आत्या : त्या दाशीचं तू एवढं कौतुक करतोस, तर आधी हे सांग, तिच्यात घालतात काय?

दादा : दोन गोष्टी. एक कोम्बू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. दुसरी कात्सुओबुशी. कुप्याच्या जातीतला मासा उकडायचा, धुरी द्यायची, कडकडीत वाळवायचा आणि किसायचा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू भिजत ठेवायचं, मंद आचेवर चढवायचं आणि उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचं. मग कीस टाकून गॅस बंद. दोन मिनिटांनी गाळलं की दाशी तयार.

आत्या : इथे मिळतं हे?

दादा : मोठ्या सुपरमार्केटात कधी असतं, कधी नसतं. असलं तर महाग.

आत्या : मग काशा वापर की. काशा कधीही मिळतो. १५ ऑगस्टपासून १५ ऑक्टोबरपर्यंत सुरमईला बंदी असते, तेव्हासुद्धा घरात काशाचा डबा भरलेला असतो.

काशा म्हणजे ओमानच्या किनाऱ्यावर उन्हात वाळवलेले तारलीच्या जातीचे छोटे मासे. ओमानी लोक ते भातावर घेतात, चुरून खातात. आपली सुकट ज्याला आवडते त्याला काशा परका वाटत नाही.

दादा : इथे मी तुझ्याशी भांडणार नाही. जपानात निबोशी असते, तीही वाळवलेली छोटी तारलीच. रोजच्या मिसो सूपला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपला, कितीतरी घरांत तीच वापरतात. कोरियात म्योलची, मलेशियात इकान बिलिस. तुझा काशा त्यांच्याच भावकीतला. पण तू त्याचं जे करतेस ते मला बघवत नाही.

आत्या : काय करते? धुते, तव्यावर भाजते, कांद्यावर परतते आणि पाणी ओतते.

दादा : अख्खाच घालतेस ना? डोक्यासकट, पोटासकट?

आत्या : एवढ्याशा माशाचं पोट कोण काढत बसणार?

दादा : कोरियन आजी बसते. ये, दाखवतो.

दादाने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर काशा ओतला. एक मासा घेतला, कल्ल्याखाली अंगठ्याचं नख घातलं आणि डोकं मागे मोडलं. डोक्याबरोबर पोटातला काळा, वाळलेला धागा अख्खा निघून आला. मग मासा पाठीवरून उभा चिरला, दोन फाका झाल्या. काटा तसाच ठेवला, कारण त्यालाही चव असते. काळा धागा त्याने आत्याला जिभेवर ठेवायला लावला. आत्याने तोंड वाकडं केलं आणि चूळ भरून आली.

दादा : एका लिटरला असे साफ केलेले २५ ग्रॅम घे. म्हणजे बऱ्यापैकी मूठभर. गार पाण्यात अर्धा तास तरी भिजव, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंस तर उत्तम. मग मंद आच. उकळी आली की वर फेस येईल तो काढत राहा. आठ-दहा मिनिटांत गॅस बंद कर आणि फडक्यातून गाळ. त्यापुढे उकळलंस तर वास उग्र होतो.

आत्या : आणि वाळू?

दादा : वाळू?

आत्या : मासा किनाऱ्यावर वाळतो रे. तुझ्या बोटीवर पाकिटातला येत असेल स्वच्छ. हा आधी दोन पाण्यांत झपझप धुवायचा. गाळल्यावरही पातेलं पाच मिनिटं हलवायचं नाही, वरचं पाणी ओतून घ्यायचं, तळातलं टाकायचं. आणि विकत घेताना विचारायचं, माणसांच्या खाण्याचा आहे ना? इथे सुकी तारली गुरांनाही घालतात. तो माल वेगळा असतो.

दादाने हे निमूटपणे ऐकून घेतलं. पुस्तकातल्या कृतीत वाळूचा उल्लेख नसतो. तो बाजार माहीत असलेलं माणूसच करतं.

मग त्याने आत्याला ते पाणी मीठ न घालता प्यायला दिलं. आत्या म्हणाली, अळणी आहे. त्याने चिमूटभर मीठ घातलं. आत्याने दुसरा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली नाही.

आत्या : बरं आहे. पण काहीतरी राहिलंय.

दादा : बरोबर ओळखलंस. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा यांनी कोम्बूच्या पाण्यातली चव शोधून काढली. ती ग्लुटामेटची असते. त्यांचे शिष्य कोदामा यांना १९१३ साली कात्सुओबुशीत दुसरा पदार्थ सापडला, इनोसिनेट. एकटं काहीही घेतलं तर चव बरी लागते, दोन्ही एकत्र आली तर ती कितीतरी पटींनी वाढते. काशातून इनोसिनेट मिळालं. ग्लुटामेट कुठून आणणार? कोम्बू तर नाही.

आत्या : टोमॅटो.

दादा : टोमॅटोत आहे खरं. पण आंबट होईल ना.

आत्या : होऊ दे. शेजारची फिलिपिनो नर्स सिनिगांग करते, त्यात टोमॅटो, कांदा, चिंच, मुळा, चवळीच्या शेंगा, शेवटी पालक आणि वर अख्खी हिरवी मिरची. मासा नाहीतर कोळंबी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिला म्हटलं, हे तर आमचं सार.

दादा : सार नव्हे. साराला तू खोबरं वाटून लावतेस आणि वरून फोडणी देतेस. सिनिगांगमध्ये दोन्ही नाही.

भांडणाचं मूळ इथे सापडलं. मराठी बाईचा हात पातेलं चढवलं की आधी तेलाकडे जातो. मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, कढीपत्ता चरचरला की मग पाणी. आपली चव तेलात उतरते आणि तेलातून पाण्यात येते. जपानी दाशी, कोरियन गुक, व्हिएतनामी फो, फिलिपिनो सिनिगांग यांत चव थेट पाण्यात उतरते. तेल असलंच तर ते कोंबडीच्या अंगचं, नाहीतर शेवटी वरून घातलेले चार थेंब. माझ्या मते एवढं एकच नीट समजलं तरी निम्मा स्वयंपाक आला.

आत्या : फोडणी नाही म्हणजे पाणी कच्चं लागतं मला.

दादा : फो करू मग. त्यातलं एकही सामान तुला नवीन नाही, आणि तरी तुझा जीव वर-खाली होईल.

फो ही उत्तर व्हिएतनामातली चीज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईच्या परिसरात रूढ झालेली. मूळची गोमांसाची, पण कोंबडीचीही तितकीच घरगुती. दादाने सव्वा किलोची कोंबडी आणली. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवली, ते पाणी फेकलं, कोंबडी धुतली, पातेलंही धुतलं. आत्याला हे पाणी फेकणं अजिबात रुचलं नाही. मग अडीच लिटर गार पाणी. एक मोठा कांदा अर्धा चिरून आणि बोटभर आलं गॅसवर काळं होईपर्यंत भाजलं. हे आत्याच्या ओळखीचं होतं, मालवणी वाटणाचा कांदा ती अशीच भाजते. पुढे चक्रीफूल दोन, दालचिनीचा तुकडा, लवंगा चार, चमचाभर धणे, कोरडे भाजून. आत्याने खलबत्ता पुढे केला.

दादा : कुटायचं नाही.

आत्या : मग चव कशी उतरणार?

दादा : हळूहळू. कुटलंस तर अर्ध्या तासात रस्सा होईल, पण गढूळ होईल आणि मसाल्यापुढे कोंबडी ऐकूच येणार नाही. अख्खे घाल, फडक्यात बांधून. पाणी खदखदू द्यायचं नाही, एखाददुसरा बुडबुडा दिसला पाहिजे, बस. चाळीस मिनिटांनी कोंबडी काढ, मांस सोडवून बाजूला ठेव, हाडं परत टाक. आणखी तासभर. मसाल्याची पुरचुंडी शेवटच्या अर्ध्या तासातच घाल. फिश सॉस आणि किंचित साखर अगदी शेवटी.

आत्याने तो रस्सा प्यायला, दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि तरी म्हणाली, वर लसणाची फोडणी हवी होती. मला वाटतं इथे ती हट्टाने बोलत होती. त्या रश्श्यातून पातेल्याचा तळ दिसत होता आणि आल्याच्या करपलेल्या सालीचा वास कोंबडीच्या मागे उभा होता. लसणाने तो वास पुसला गेला असता.

पण आशिया म्हणजे फोडणीविना रश्श्याची एकच वाट नव्हे, आणि आत्याने तेही दाखवून दिलं.

आत्या : तू मला लाक्साची कृती दिली होतीस. त्यात काय आहे? सुक्या मिरच्या, हळद, लसूण, छोटे कांदे, गवती चहाचा बुंधा, सुकी कोळंबी. वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. वर नारळाचं दूध. हे कुठल्या गावचं, सांग.

दादा : सिंगापूर, मलाक्का...

आत्या : मालवण.

दादा : आत्या, त्यात आंबवून सुकवलेल्या कोळंबीचा लगदा पडतो, बेलाचान. तो तुझ्याकडे नसतो.

आत्या : सोडे आहेत माझ्याकडे. भाजून, भिजवून वाटणात घातले की काम होतं. कोकणातली कुठलीही बाई नारळाचं दूध उकळवत ठेवत नाही, ते फुटतं, हे तिला तुझ्या कृतीने शिकवायला नको. लाक्सा मला पहिल्या दिवशी जमला. मिसो सूप जमलं नाही, कारण मी मिसो उकळलं.

दादा : आणि वास उडून गेला. मिसो गॅस बंद केल्यावर घालायचं, थोड्या रश्श्यात कालवून.

खाउसुएचं तर सांगायलाच नको. ब्रह्मदेशातल्या या रश्श्याला दाटपणा येतो तो बेसनाने. आपण पिठल्याला, कढीला जे लावतो तेच. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा लाखो भारतीय रंगून सोडून चालत, मिळेल त्या वाटेने परतले, आणि बर्मी स्वयंपाक त्यांच्यासोबत आला. घरात चार माणसं जेवायला असतील आणि कुणी पहिल्यांदाच नूडल्सचा रस्सा करणार असेल तर मी खाउसुएच सुचवीन. कांदा-लसूण-हळद परतून कोंबडीचे तुकडे, पाणी, त्यात तीन चमचे भाजलेलं बेसन कालवून, शेवटी नारळाचं दूध. वर उकडलेलं अंडं, तळलेला लसूण, लिंबू. मराठी हाताला तो कुठेही अडखळवत नाही. अवघड पदार्थापासून सुरुवात करून हिरमुसण्यात काही अर्थ नाही.

रस्सा झाला, आता त्यात घालायचं काय हा प्रश्न. इथे आत्या बोलायला लागली की थांबत नाही.

आत्या : लोक नूडल्ससाठी दुकानं पालथी घालतात, आणि माळ्यावर शिरवाळ्यांचा साचा धूळ खात पडलेला असतो. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गोळे करून पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यातून दाबायचे. गार झाले तर दोन माणसं बसली तरी दांडा खाली जात नाही. आम्ही त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खातो. रस बदलला, कोंबडीचा घेतला, तर काय बिघडलं?

दादा : काही नाही. व्हिएतनाममध्ये बुन असतात त्याही तांदळाच्याच. ते पीठ सैल ठेवतात आणि उकळत्या पाण्यात दाबतात. तुझ्या जरा घट्ट होतील, रश्श्यात लवकर तुटतील. वाडग्यात आधी शिरवाळ्या ठेव आणि वरून कडकडीत रस्सा ओत, पातेल्यात टाकू नकोस.

आत्या : आणि कुरडया?

दादा : कुरडया तळतात.

आत्या : कुरडईची भाजी नाही खाल्लीस कधी? देशावरच्या बायका भिजवून, पिळून, कांद्यावर परततात. गहू तीन दिवस भिजवून चीक काढतात, तो शिजवून साच्यातून घालतात. नुसता गव्हाचा सत्त्वांश. तुमच्या त्या काचेसारख्या नूडल्स कशाच्या असतात?

दादा : मुगाच्या चिकाच्या.

आत्या : मग? कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की मऊ होतात, पारदर्शक दिसतात. फक्त चिकात मीठ असतं, ते लक्षात ठेवून रस्सा अळणी ठेवायचा.

दादाने करून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आत्या जिंकली. कुरडई काशाच्या पाण्यात फुलते, दाताखाली किंचित चिवट लागते आणि विरघळत नाही. गावाहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत कुरडयांचा डबा असतोच. वर्षभर तळून संपवण्यापेक्षा थोड्या अशा खाव्यात.

गव्हाच्या नूडल्सवर मात्र दादा ठाम होता. रामेनच्या नूडल्स पिवळसर आणि लवचिक होतात त्या कांसुई नावाच्या क्षाराने, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटने. आत्याने लगेच पापडखाराची पुडी काढली. गोत्र तेच आहे, दादाने मान्य केलं, पण अर्धा किलो मैद्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर साबणासारखं लागेल. ज्याला पीठ मळायचं नाही त्याने बारीक स्पॅगेटी घ्यावी आणि उकळत्या पाण्यात लिटरला दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा टाकून शिजवावी. फेस उसळतो, म्हणून पातेलं मोठं. शिजल्यावर पाण्याखाली धुवायची. नूडल्स रश्श्यातच शिजवायच्या नाहीत हा त्याचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिठाचं पाणी रश्श्यात उतरलं की दोन तास जपलेली चव दोन मिनिटांत जाते.

आत्या : जूनमध्ये इथे कढत सूप कोण पिणार? बाहेर डोंगरसुद्धा तापलेले असतात.

दादा : जपानीही पीत नाहीत. उन्हाळ्यात सोमेन खातात, आपल्या शेवयांइतक्या बारीक गव्हाच्या नूडल्स. उकडायच्या, बर्फाच्या पाण्यात चोळून धुवायच्या आणि गार दाशीत सोया सॉस घालून बुडवून खायच्या. कोरियात नेंगम्योन, त्यात तर रस्साच बर्फाळ असतो.

आत्या : शेवया चालतील?

दादा : न भाजलेल्या घे. दोन मिनिटांत काढ. तुटतील थोड्या.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारचं जेवण कितीदा तरी हेच होतं. काशाचं गार पाणी, शेवया, किसलेलं आलं, काकडी.

दादाची खरी तक्रार नावाची आहे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली नेल्सन वाँग यांनी चिकन मंचुरियन केलं असं सांगतात, आणि पुढे ते गाडीगाडीवर गेलं. दादाला ते आवडतं. पण कॉर्नफ्लॉवर घालून चिकट केलेलं, सोया सॉसने काळं केलेलं पाणी म्हणजेच चिनी सूप, अशी एका पिढीची समजूत झाली याचं त्याला वाईट वाटतं.

दादा : तू कुरडई आणि काशा घालून केलंस ते चांगलं आहे. त्याला रामेन म्हणू नकोस, एवढंच. ज्यांनी आयुष्य घालवून तो रस्सा घडवला त्यांचा मान राहतो.

आत्या : नाही म्हणणार. पण समुद्रापलीकडचं ते तिकडे आणि आपलं इकडे, असं या गावात कुणी मानलेलं नाही रे कधी.

हे आत्या उगाच म्हणाली नाही. १९९८ साली इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या, अरबी समुद्राच्या या बाजूच्या रीतीने. पोटात चीनमधल्या चांग्शाच्या भट्ट्यांतली हजारो भांडी, त्यांतले बहुतेक वाडगे. त्या जहाजाची प्रतिकृती मस्कतजवळ कंतबला बांधली, आणि २०१० साली ती कोची, गॉल, पेनांग करत सिंगापूरला पोचली. चिनी वाडगे भरून शिवलेली जहाजं अकराशे वर्षांपूर्वी या समुद्रात फिरत होती, हे मत्रहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, उभं राहून आठवलं की आत्याची बाजू मला पटते. दादाने तरीही नावाचा आग्रह सोडला नाही, आणि सोडू नये.

सोमवारी आत्याकडे मासा शिजत नाही. तिथे दादाला वाटलं आपली सरशी होईल, कारण त्याच्याकडे वाळवलेले शिताके मशरूम होते. चार-पाच मशरूम रात्रभर फ्रिजमधल्या गार पाण्यात ठेवायचे आणि तेच पाणी गरम करायचं. आत्याने त्याच्या शेजारी कटाचं पातेलं ठेवलं. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं काढलेलं पाणी, मसाला न घातलेलं. दोन्ही अर्धं-अर्धं मिसळलं, सोया सॉस चमचाभर, मोड आलेले मूग मूठभर. त्याला अंग होतं, गोडवा होता. मुगांबाबत कोरियन घरांत एक नियम पाळतात, तो सोयाबीनच्या मोडांसाठी आहे, पण आपल्यालाही उपयोगी पडतो. मोड शिजताना झाकण ठेवायचं तर शेवटपर्यंत ठेवायचं, उघडं ठेवायचं तर पहिल्यापासून उघडं. मध्येच झाकण काढलं तर कच्चट वास राहतो.

आता पुड्याचं. १९५८ साली जपानात मोमोफुकू आंदो यांनी तळून कोरड्या केलेल्या नूडल्स बाजारात आणल्या. १९८३ च्या सुमारास त्या भारतात घरोघरी यायला लागल्या. आखाती देशांत एकेकट्याने राहणाऱ्या माणसाचं त्यांच्यावाचून चालत नाही. मत्रह-रुवीच्या गल्ल्यांत एका खोलीत चार-पाच जण राहतात, एकच शेगडी, एकच पातेलं. त्यांत रत्नागिरीची, सिंधुदुर्गाची, साताऱ्याची मुलं आहेत. आत्याकडे ती येतात.

दादा : त्या पुडीत मीठ फार असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. हे पोरगं रात्री एका बैठकीत दोन पुडे खातं. उन्हात काम करणारं पोरगं.

आत्या : कळतं मला. पण रात्री अकराला खोलीवर आलेला मुलगा माशाची डोकी मोडत बसणार नाही. तुझी शिस्त त्याला काय कामाची?

दादा : मग शुक्रवारी करून ठेवू. सुट्टी असते. रस्सा बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये.

आत्या : पाच जणांत एक फ्रिज, त्याचा फ्रीझर एवढासा. जागा कोण देणार?

इथे दोघं गप्प झाले, आणि मला वाटलं विषय संपला. पण आत्याने काशाचा डबा पुन्हा उघडला. डोकी मोडली, काळे धागे काढले, दादाने शिकवल्याबरहुकूम. मग कोरड्या कढईत मंद आचेवर मासे परतत राहिली, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत. गार झाल्यावर मिक्सरला लावले. सुकटीची चटणी करायची हीच रीत, फक्त मिरची आणि खोबरं वगळून.

आत्या : ही पूड. एका पातेल्याला दीड चमचा. गाळायला नको, भिजवायला नको. हवाबंद डब्यात महिनाभर टिकते.

दादाने बोटावर घेऊन चाखली. निबोशीची अशी पूड जपानातही वापरतात, तो म्हणाला, आणि वही मागितली. मुलांना देण्यासाठी त्याने कृती अशी लिहिली : दोन वाट्या पाणी, दीड चमचा काशाची पूड, चिरलेला एक टोमॅटो, पाच मिनिटं उकळी. पुड्यातल्या नूडल्स दुसऱ्या पाण्यात शिजवून ते पाणी फेकायचं. पातेलं एकच असेल तर आधी नूडल्स शिजवून ताटात काढायच्या, मग त्याच पातेल्यात रस्सा. मसाल्याची पुडी पाव, जमल्यास तीही नाही. अंडं फोडून वरून सोडायचं आणि हलवायचं नाही. शेवटी मूठभर पालक, गॅस बंद, लिंबू.

आत्या : लसूण लिही.

दादा : लसूण नको. पुडीत आहे.

आत्या : पुडी तूच काढून टाकायला सांगतोयस. लसणाची एक पाकळी ठेचून पाण्यात. तेलात नाही, पाण्यात. कोरियन घालतात ना?

दादा : घालतात.

आत्या : मग लिही. आणि खाली हेही लिही, काशा कुठल्या दुकानातून घ्यायचा. वाळूचं राहिलं, ते मोठ्या अक्षरात.